चार ग्रॅमच्या पुड्या

कोंडाजी साळवे पावडर मोजायला बसला, की घरात कुणी बोलायचं नाही, असा नेमच पडून गेला होता. तो दार लावून घ्यायचा, फरशी ओल्या फडक्यानं पुसायचा आणि मांडी घालून बसायचा. समोर तळहाताएवढा काटा, सोनाराकडं असतो तसला. डाव्या हाताला कंपनीची पाकिटं, उजव्या हाताला चिमुकल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. मोरणी, चमकी ठेवायच्या त्या पिशव्या. तोंड दाबलं की बंद होणाऱ्या. पिंपळगावच्या एका सराफाकडून त्यानं त्या मागून आणल्या होत्या. मार्गशीर्षातलं दहिवर कशात शिरेल सांगता येत नाही, आणि ओल लागली की जीएची पावडर गेलीच.

मैद्याहून बारीक, पांढरीफेक पावडर. तिच्या पाण्यात द्राक्षाचे घड बुडवले की मणी लांबतो, भरतो. पाकीट दहा ग्रॅमचं, ड्रम शंभर लिटरचा आणि एका ड्रमला लागणार चार ग्रॅम. चिमटीच्या अंदाजानं टाकणारे मुकादम पंचक्रोशीत होतेच. त्यांच्या बागांतल्या घडांचे दांडे लाकडासारखे कडक व्हायचे, मणी गळायचे. कोंडाजीच्या टोळीनं बुडवलेल्या बागेत असं कधी झालं नव्हतं. तो श्वास धरून मोजायचा. म्हणायचा, "फुस्स केलं तरी चार दाणे उडत्यात. ते चार दाणे कुठल्या घडाच्या नशिबातले, कोण सांगणार?"

मोजून झालं की रिकामी पाकिटं तो तिथंच चुलीत घालायचा. थोरल्या भावाचं पोर औषधाच्या रिकाम्या पिशवीत पाणी भरून प्यालं होतं. तेव्हापासून कोंडाजीनं रिकामं पाकीट घरात क्षणभर पडू दिलं नाही.

"किती झाल्या?" शेवटची पुडी दाबून झाल्यावर लताबाईनं तोंड उघडलं.

"वीस. सहा तू घे, विहिरीच्या बागेला. चौदा मी नेतो पल्याडच्या बागेत, तिथल्या बाया वाट बघत असत्याल."

"स्पिरिट?"

"हे घे. आधी स्पिरिटात विरघळव, मग पाण्यात. नायतर बसशील दुपारपातूर ढवळत."

"बावीस वर्सं झाली अवो संसाराला. अजून ढवळायलाच शिकवा मला."

कोंडाजी हसला. काटा खिशात, पुड्या आणि स्पिरिटची दुसरी बाटली खांद्याच्या पिशवीत. लताबाईनं त्याच्या कानांवरून मफलर फिरवून गाठ मारली. मोटरसायकल धुक्यात शिरली. दिसेनाशी झाल्यावरही तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

विहिरीची बाग वाल्मीकशेठची. पल्याडचीही त्याचीच. बाया रांगेला लागल्या. डाव्या हातानं पान सारायचं, उजव्या हातातला मग खालून वर न्यायचा, घड पुरा बुडू द्यायचा, मग काढून दोन बोटांनी हलकेच झटकायचा. घडावर थेंब राहिला तर मण्याला डाग पडतो. पाणी असं गार, की दहा घडांत बोटं आपली वाटेनाशी होतात. मणी ज्वारीएवढा झालेला. हेच चार दिवस. पाचव्या दिवशी बुडवून उपयोग नाही. कुसाबाई सगळ्यांत म्हातारी, तिनं सूर लावला:

*घड बुडविते बाई, जसं लेकराला न्हाणी*
*हळू झटकिते पाणी, नको दुखवूस मणी*

चार ड्रम संपले, आठ रांगा झाल्या. लताबाई पाचव्या ड्रमाची पुडी कंबरेच्या बटव्यातून काढत होती, तेवढ्यात बांधावरून चैताली पळत आली. लताबाईची लेक, कॉलेजला जाणारी. धापेनं तिला बोलता येईना. तिनं नुसता मोबाईल पुढं केला.

चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता. नाका. मोटरसायकल. कोंडाजीचे दोन्ही हात आडवे पसरलेले, मफलरची गाठ सुटून एक टोक लोंबतंय. पुढं कुणाचातरी रबरी मोजे घातलेला हात, हातात करंगळीएवढी नळी. नळीत चिमूटभर पांढरं पडलं. आधी काही नाही. मग कडेनं पिवळं झालं, मग खालून लाल चढत आलं, काळ्या द्राक्षाच्या सालीसारखं. मागून कुणीतरी म्हणालं, "आला, आला रंग! एमडी ड्रग हे. चौदा पुड्या, वजनकाटा, सगळं सामान हे गड्याकडं."

कोंडाजीचे ओठ हलत होते. तो काय म्हणत होता ते त्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

बाया मग हातात धरून उभ्या. कुसाबाई म्हणाली, "अगं, आपल्या पावडरीला कशाचा रंग? ती तर पाण्यावानी विरघळती."

"पण रंग आलाच की, आजी," एकजण हळू बोलली. "डोळ्यानं बघितला."

तोवर वाल्मीकशेठ आला. पायांत एकच चप्पल. "ओता! ते ड्रम ओता आधी. लताबाई, पुड्या हायत का अजून तुझ्याकडं?"

"दोन."

"मग बघतेस काय? कुठंबी टाक. माझ्या बागेत नको, घरातबी नको. पोलीस इकडंच येत असत्याल."

"शेठ, तुमचीच पावडर ना ती? तुम्ही आणून दिलेली?"

"मी पाकिटं दिली होती. पाकिटं!" तो ओरडला. "पुड्या त्यानं बांधल्या. त्यात अजून काय मिसळलं, मला काय ठावं?"

लताबाई ओढ्यापर्यंत कशी गेली तिचं तिला कळलं नाही. दोन पुड्या मुठीत घामानं चिकटल्या होत्या. दार लावून बसतो. बोलू देत नाही. पाकिटं लगेच जाळतो. बावीस वर्षांत जे कधी मनात आलं नव्हतं ते एकामागं एक रांगेनं आलं. तिनं पुड्यांची तोंडं उघडून पाण्यावर झटकली. पांढरं पाण्यावर पसरलं, एकदा गोल फिरलं आणि गेलं. पिशव्या तिनं दगडाखाली दाबल्या. वर आली तेव्हा हात कोपरापर्यंत धुतलेले होते.

ठाण्यात तिला दुपारपर्यंत बाकावर बसवलं. चैताली शेजारी. येणारेजाणारे वळून बघत. एक हवालदार दुसऱ्याला म्हणाला, "पुडीवाल्याची बायको." शेवटी फौजदार देवरे यांनी आत बोलावलं. चाळिशीचा माणूस, डोळे तांबारलेले.

"साहेब, ती द्राक्षाची पावडर हाय. जीए."

"सगळे असंच सांगतात, बाई. कुणाचं खत असतं, कुणाची खडीसाखर." देवरेंनी फाईल उलटली. "पाकीट कुठंय कंपनीचं?"

"जाळलं. ते जाळत्यातच."

"बिल?"

"वाल्मीकशेठकडं."

"वाल्मीकशेठ म्हणतो, त्यानं पावडर घेतलीच नाही." देवरेंनी तिच्याकडं बघितलं. "दागिन्यांच्या पिशव्यांत मापून भरलेल्या चौदा पुड्या, स्पिरिटची बाटली, काटा. तुम्हीच सांगा, मी काय समजू?"

टेबलावर त्या नळ्यांचा खोका होता. चैतालीनं मान तिरकी करून त्यावरचं बारीक इंग्रजी वाचलं. "सर, यावर लिहिलंय, ही फक्त पहिली चाचणी आहे. दुसऱ्या पदार्थांनीसुद्धा असा रंग येऊ शकतो. लॅबमध्ये खात्री करावी."

देवरेंनी खोका ड्रॉवरमध्ये ठेवला. "सॅम्पल लॅबला जाणारच आहे. खरा निकाल तिथलाच. ही नुसती चाचपणी."

"चाचपणीवर माणूस आत टाकायचा?" लताबाईनं विचारलं.

देवरेंनी फाईल मिटली. बाहेर कुणालातरी हाक मारली.

सरकारी मदतीच्या वकील योगिनीताई भल्या बाई होत्या. त्यांनी समजावून सांगितलं: पुड्या मिळून छप्पन ग्रॅम भरल्या. या मालाची रेघ पन्नासवर आहे. पन्नासच्या वर गेलं, की जामीन म्हणजे खडकातून पाणी काढणं. "लॅबचा अहवाल आला की सुटतील. पण तिथं ढीग लागलाय. दोन महिने, चार महिने, काही सांगता येत नाही."

"आणि दोन पुड्या कमी असत्या तर?"

"तर अठ्ठेचाळीस ग्रॅम. मग काही करता आलं असतं."

दोन पुड्या. लताबाईनं पदर तोंडावर घेतला. चौदा त्याला, सहा मला, अशी वाटणी सकाळी त्यानं केली होती. कारण पल्याडची बाग मोठी.

बाराव्या दिवशी तुरुंगात मुलाखत मिळाली. मध्ये काच, कानाला फोन. कोंडाजीचे गाल आत गेले होते. दाढी पांढरी निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

"जय भीम," तो म्हणाला. नेहमी कामावरून आल्यावर म्हणायचा तसंच. मग, "विहिरीची बाग पुरी झाली का?"

"आठ रांगा झाल्या. मग राहिलं."

"राहिलं? तुझ्याकडं तर सहा होत्या. बारा रांगा व्हायला पायजे."

बाहेर मुलंबाळं, शिपायांच्या शिट्ट्या. लताबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला. "दोन होत्या माझ्याकडं शिल्लक. मी ओढ्यात सोडल्या."

"का?"

लताबाईची नजर काचेवरून खाली गेली. कोंडाजी तिच्याकडं बघत राहिला, काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसा. मग त्यानं मान खाली घातली. त्याला कळलं होतं.

"त्या दोन पुड्या असत्या," तो सावकाश म्हणाला, "तर दाखवता आल्या असत्या त्यांना."

"अवो..."

"असू दे. सगळ्यांनी रंग बघितला. तूबी बघितला." त्यानं फोन खाली ठेवला. मुलाखतीचा वेळ अजून बाकी होता.

येताना एसटीत लताबाईच्या तोंडात कुसाबाईच्या चालीवर ओळी आल्या, न बोलावता:

*संशयाचं गं बी, त्याला लागत नाही पाणी*
*उगवलं माझ्या मनी, कसं खुडू मी साजणी*

ती कामावर जाऊ लागली, दुसऱ्यांच्या बागांत. कोंडाजीची टोळी फुटली होती. नव्या मुकादमाच्या हाताखाली ती सगळ्यांत शेवटच्या रांगेला. जेवणाच्या सुट्टीत तिच्या भाकरीजवळ कुणी भाकरी मांडत नसे, एक कुसाबाई सोडली तर. एकदा एका बागायतदाराचा पोरगा हसत म्हणाला, "मावशी, आमच्या बागेला साधीच पावडर बरं का, ती नको." बाया हसल्या. लताबाई घड झटकत राहिली.

पौषात एका सकाळी ती विहिरीच्या बागेवरून चालली होती, आणि थबकली.

आठ रांगांपर्यंत घड लांब, मोकळे, मणी बोटाच्या पेरासारखे. नवव्या रांगेपासून सगळे मणी बारीक, गोल, एकमेकांत घुसलेले, जसे वाटाणे शेंगेत. जणू मधून कुणी सुतळी धरून रेघ मारली होती. वाल्मीकशेठनं भीतीपोटी त्यानंतर पावडर बागेत येऊच दिली नव्हती. ते चार दिवस निघून गेले होते.

लताबाई आठव्या आणि नवव्या रांगेच्या मधे उभी राहिली. डावीकडं त्यानं मोजलेलं लटकत होतं, उजवीकडं तिनं ओढ्यात सोडलेलं. पांढरं काय होतं ते वेलीनं सांगितलं होतं, आणि सांगायला महिना घेतला होता. नळीनं चाळीस सेकंद घेतले होते.

तिनं दोन्हीकडचा एकेक घड खुडला आणि वाल्मीकशेठच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

"हा कोंडाजीच्या हातचा. हा तुमच्या भीतीचा."

शेठची म्हातारी आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं दोन्ही घड बघितले, मग मुलाकडं. वाल्मीकशेठ खांबाला टेकला. "बिल नव्हतं घेतलं गं मी, लताबाई. बिनबिलाचा माल. मला वाटलं, मीच अडकेन. माझी बाग परदेशात जाते..."

"आणि हिचा नवरा कुठं गेलाय?" म्हातारी म्हणाली. "ऊठ. कणगीत काय दडवलंय ते काढ."

कणगीतून, गव्हाच्या तळातून, दोन पाकिटं निघाली. दहा-दहा ग्रॅमची, बंद, त्याच पेटीतली.

देवरेंच्या टेबलावर लताबाईनं आधी घड ठेवले, मग पाकीट. वाल्मीकशेठनं जबाब द्यायला तोंड उघडलं, पण ती मधेच म्हणाली, "साहेब, आधी तुमची नळी काढा. हे कंपनीचं बंद पाकीट. तुमच्या हातानं फोडा."

"बाई, असं करता येत नाही."

"माझ्या माणसावर करता आलं. रस्त्यात, मोबाईल धरून."

देवरेंनी पाकिटावरचा छापील वेल बघितला. मग उठून त्यांनी दार लोटलं. मोजे घातले. पाकीट फोडलं, चिमूटभर नळीत टाकलं, वर द्रव सोडला.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. आधी काही नाही. मग कडेनं पिवळं. मग खालून लाल चढत आलं.

वाल्मीकशेठच्या तोंडून "अरे बापरे" निघालं. लताबाईला वाटलं होतं आपण ओरडू, पण तिनं नुसतं फोडलेलं पाकीट साहेबांपुढं सारलं. ओढ्यात पुड्या सोडल्या त्या दिवसापासून हाच रंग तिनं मनातल्या मनात किती वेळा पाहिला होता.

देवरेंनी नळी उजेडात धरली, मग सावकाश ठेवली. "मला असं..." ते थांबले. "आम्हाला खोका देतात, बाई. शिकवतात, रंग आला की पंचनामा."

"मग आता काढा त्यांना बाहेर."

"मला काढता येत नाही. आत घालता येतं, काढायचं कोर्टाच्या हातात." त्यांनी पेन उघडलं. "शेठचा जबाब घेतो. लॅबला तातडीचं पत्र देतो. यापेक्षा माझ्या हातात काही नाही."

निघताना त्यांनी घड परत दिले नाहीत. दाराबाहेर पडल्यावर लताबाईनं वळून बघितलं. साहेब दोन्ही घड दोन हातांत धरून उभे होते.

तरीही अहवालाला आणखी पाच आठवडे लागले. एका ओळीचा होता: नमुन्यात कोणताही अमली पदार्थ आढळून आला नाही. कोंडाजी ज्या दिवशी सुटला त्या दिवशी विहिरीच्या बागेत खुडा चालला होता. पेट्यांत आठ रांगांचा माल भरला जात होता, बाकीचा बेदाण्याला.

घरी आल्यावर तो ओसरीत बसला. चैतालीनं पाणी दिलं. तथागतांच्या तसबिरीपुढं त्यानं हात जोडले. कोपऱ्यात पिशवी होती, ठाण्यातून परत मिळालेली; तिच्याकडं त्यानं बघितलंही नाही. लताबाई पुढ्यात येऊन बसली, आणि वाकून त्याच्या पायांवर हात ठेवू लागली तर त्यानं पाय आखडले.

"नको," तो म्हणाला. "तसं काय नाय."

पण उन्हाळाभर तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. नाक्यावरून जायची वेळ आली की मळ्यातून, चिखलातून फिरून जायचा.

ऑक्टोबरात छाटण्या झाल्या, घड दिसू लागले. मार्गशीर्ष लागला. वाल्मीकशेठ स्वतः दारात आला, टोपी हातात घेऊन. "कोंडाजी, तुझ्याशिवाय कुणाच्या हाती देऊ बाग?"

उत्तर लताबाईनं दिलं. "बिल घेऊन या. मग बघू."

बिल आलं. पहाटे तिनं दार लावलं, फरशी पुसली आणि काट्यासमोर ती स्वतः बसली. कोंडाजी भिंतीला टेकून बघत होता. तिनं श्वास धरला. दाणे पडले. काट्यावर चारचा आकडा आला, गेला, परत आला.

"एक दाणा जास्त हाय," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी आपणहून निघालेलं ते पहिलं वाक्य होतं.

तिनं एक दाणा काढला. रिकामी पाकिटं जाळली नाहीत. फोडून, सपाट करून, बिलासोबत सुतळीनं बांधली. पुड्या तिनं आपल्या कंबरेच्या बटव्यात ठेवल्या.

"त्या मला दे," कोंडाजी म्हणाला. "पल्याडच्या बागेला मी नेतो."

"आजपासून माझ्याकडं राहतील."

लताबाई मागं बसली आणि मोटरसायकल नाक्याकडं निघाली. तिनंच सांगितलं, सरळ रस्त्यानं घ्या. धुकं होतं. बॅरिकेडपाशी दोन पोलीस शेकोटीवर हात धरून उभे होते, नवे चेहरे. त्यांनी गाडीकडं बघितलं आणि हातानं जाऊ द्या म्हणून खूण केली.

गाडी पुढं गेली नाही. कोंडाजीनं ती स्टँडवर लावली. उतरला, दोन पावलं बाजूला झाला आणि कुणी न सांगता दोन्ही हात आडवे पसरून उभा राहिला. डोळे समोर, धुक्यात.

"काय झालं मामा?" एक पोलीस हसत म्हणाला. "जा की. तुम्हाला कोणी थांबवलंय?"

हात तसेच. मफलरची गाठ सुटून एक टोक लोंबत होतं.

लताबाई उतरली. तिनं बटव्यातून सगळ्या पुड्या काढल्या, पाकिटांचा गठ्ठा आणि बिल काढलं आणि शेकोटीजवळच्या लोखंडी टेबलावर मांडलं. "द्राक्षाची पावडर हाय, साहेब. माझी हाय. तुमची नळी असंल तर काढा. रंग येणार, आधीच सांगते."

पोलिसानं बिल उचललं, वाचलं, पुड्यांकडं पाहिलं आणि सगळं तिच्याकडं सारलं. "असू द्या, मावशी. जा तुम्ही."

तिनं पुड्या परत बटव्यात भरल्या. मग ती कोंडाजीपाशी गेली. आधी एक हात धरून खाली आणला, मग दुसरा. ते हात गार पडले होते, पहाटेच्या ड्रमातल्या पाण्यासारखे. तिनं ते आपल्या तळव्यांत घेतले आणि रस्त्यावरच, पोलिसांदेखत, दोन्ही बाजूंनी चोळत राहिली.

"चला," ती म्हणाली. "मणी ज्वारीएवढा झालाय."

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग मान वाकवली, आणि तिनं मफलरची गाठ मारली.